बडग्याले कोणाचं तोंड

८ जुलै २००३, मंगळवार

आमच्या शाळेत एक इंग्लिश डायरी लिहा लागते. दर शनिवारी उमाटे सर ती तपासून लाल सही मारते. त्याच्यात मी लिहिते की मी पहाटे उठते, मले फ्रेश वाटते, मी सूर्याले नमस्कार करते. ही दुसरी डायरी आहे. ही कोणी तपासणार नाई. हिच्यात मी घरी बोलते तशीच लिहीन, कारण राग मले इंग्लिशमध्ये येतच नाई.

काल पहिला पिरियड हिस्ट्रीचा होता. उमाटे सर शिकवून राह्यले होते. तेच शाळेचे सुपरवायझर बी आहे, सकाळी गेटवर शिट्टी घेऊन उभे राह्यते. डोळा कवा लागला मले मालूम नाई. एकदम कानापाशी शिट्टी वाजली. मी दचकून उठली तं वही खाली, पेन खाली, अन गालावर बेंचचा वळ.

उमाटे सर म्हणाले, "उभी राह्य बेंचवर. चला रे, बाळाले झोप आली. पाळणा म्हणा."

अन सगळ्या क्लासनं पाळणा म्हटला. जो जो, जो जो करून. सर स्वतः हातानं दोरी ओढल्यासारखं करून राह्यले होते, अन त्यायचा सूर बी बरोबर लागत होता, हे वेगळंच. मयुरी केजीपासून माझी फ्रेंड आहे, ती सगळ्यात मोठ्यांदा म्हणत होती. फक्त जिजा, माझ्या बेंचवरची, खिडकीबाहेर पाहत होती. मी बेंचवर उभी. स्कर्ट सावरू का डोळे पुसू तेच समजेना.

सुट्टीत पाचवीचे पोट्टे आले. "जोजो दीदी, जोजो दीदी!"

माझी काय चूक? मी तळेगावची. शाळा आष्टीले. बसचा पहिला स्टॉप आमचाच, मंग ती सगळे खेडे फिरत जाते. सातले गेट बंद होते, म्हणून मले पाचले उठा लागते. अन झोप तं मले अकरा वाजल्याशिवाय येतच नाई, गादीवर नुसती लोळत राह्यते.

उमाटे सर, तुम्हाले मी सोडणार नाई. इथं लिहून ठेवून राह्यली.

१३ जुलै, रविवार

मी आळशी नाई! हे सायन्स आहे!

भूपेंद्र दादा, काकाचा मुलगा, नागपूरले इंजिनिअरिंगले आहे. त्याले मी फोनवर सगळं सांगितलं होतं. त्यानं सायबर कॅफेतून प्रिंट काढून आणले. त्याच्यात लिहिलं आहे की आमच्या वयात झोपेचं हार्मोन, मेलाटोनिन, रात्री उशिरा सुटते अन सकाळी उशिरापर्यंत राह्यते. म्हणजे मोठ्या माणसायले दहाले झोप येते, आमाले नाई येत. सकाळी सातले आमचा मेंदू बंदच असते. अमेरिकेत काही गावायनं शाळेची वेळ पुढं ढकलली, तं पोरं क्लासमध्ये कमी पेंगाले लागले.

मी पळत दुकानात गेली. आमचं कृषी केंद्र आहे, फाट्यावर. पप्पायले सगळं वाचून दाखवलं.

पप्पा म्हणाले, "मेलाटो काय? कोणत्या कंपनीचं हाये? आपल्याकडे नाई येत ते."

आईले सांगितलं. आई पोळ्या करत होती. "मायं मेलाटोनिन कुठी गेलं मंग? मी चारले उठते."

"आई, तुझं वय वेगळं आहे."

आईनं पोळी पलटवायचा सराटा दाखवला. गरम होता.

पण मी ठरवलं आहे. आधी मले वाटत होतं उमाटेच्या खुर्चीवर खाजकुयरी टाकावी. आता ते लहान पोरांचं काम वाटते. आता मी त्याले सगळ्यांसमोर चूक ठरवीन. त्याची सातची शाळाच बंद करीन.

२२ जुलै, मंगळवार

प्रिंट घेऊन स्टाफरूममध्ये गेली. मनात सगळी तयारी केलती. ते फेकून देतील, मंग मी उचलून शांतपणे म्हणीन, "सर, सायन्स फेकता येत नाई."

त्यायनं फेकलेच नाई. उभ्या उभ्या सगळे पानं वाचले. इतका वेळ वाचले की बेल झाली. मंग म्हणाले, "हे मराठीत करून देशील काय? मोठ्या अक्षरात?"

"काऊन सर?"

"वाचणाऱ्याले चष्मा लागते."

उमाटे सरले चष्मा नाई! माझी मजा घेतली. स्टाफरूममधल्या दोन मॅडम हसल्या बी. मी प्रिंट हिसकल्यासारखे परत घेतले अन निघून आली.

बसमध्ये जिजाले सांगितलं. जिजा गोंडांच्या टोल्यावरची, म्हणजे लहान वस्तीवरची, आमच्या पुढच्या स्टॉपवर चढते. तिची माय शाळेत झाडू मारते, म्हणून तिची फी अर्धी आहे.

ती म्हणे, "दे न करून. सरनं पयले बी दोन खेपा अर्ज देल्ला म्हन्ते, टाइमासाठी."

"तुले कोणी सांगितलं?"

"मायनं पायला. टेबलावर होता, अण्णाजीच्या."

अण्णाजी म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. शाळा त्यायचीच, बस बी त्यायचीच, अन राह्यते आमच्याच तळेगावात. मी म्हटलं, "तुझ्या मायले वाचता येते काय?" जिजानं तोंड खिडकीकडं केलं. मले तसं बोलायचं नव्हतं. पण जिजाले कोणीही चांगलंच वाटते, त्याले काय करावं.

१६ ऑगस्ट, शनिवार

काल झेंडावंदन. अण्णाजी बेचाळीसच्या आष्टीच्या लढ्यावर बोलाले लागले अन थांबेचना. आम्ही उन्हात रांगेत उभे. मले उभ्या उभ्या डोळा लागला अन मी पुढच्या पोरीच्या अंगावर जाऊन पडली.

अण्णाजी माइकवरूनच म्हणाले, "अरे, सैनिक पडला!" सगळं ग्राउंड हसलं. उमाटे सर धावत आले, माझा दंड धरून मले ओढत सावलीत नेलं, पाणी दिलं, म्हणाले, "डब्बा खाल्ला काय? नाई न? खा आधी." आवाज असा की जशी मीच गुन्हेगार.

आज तं कहरच झाला. मी दुकानात बसली होती. एक गिऱ्हाईक आलं, त्याचा पोरगा आमच्याच शाळेत आहे. म्हणे, "जोजोचे पप्पा, एक पोतं डीएपी द्या."

पप्पा हसले! पोतं काढता काढता हसले!

मी मागं गोदामात जाऊन रडली. शेजारचा विक्की तिथंच होता, नववीत आहे, आमच्याच बसमध्ये येते. म्हणे, "रडून काय होते बे? पोळा येऊन राह्यला. बडग्या कर त्याचा."

माझं रडणं तिथंच थांबलं.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोट्टे बडग्या काढते. गावाची जी पीडा असन तिचा पुतळा करायचा, गावभर फिरवायचा, "घेऊन जा रे बडग्या" ओरडायचं, अन शिवेवर नेऊन जाळायचा. मागच्या वर्षी लोडशेडिंगचा केलता. त्याच्या मागच्या वर्षी डासांचा. जिवंत माणसाचा तळेगावात अजून कोणी केला नाई.

मी करीन.

२५ ऑगस्ट, सोमवार

बडग्या तयार आहे! गोदामात उभा आहे, पोत्यायच्या मागं.

विक्की अन त्याच्या दोस्तायनं बांबूच्या कमच्या बांधल्या. अंगात कुटार, म्हणजे भुसा, भरला. युरियाचे रिकामे पोते आमचेच. तोंड माझ्याकडं होतं. तीन दिवस लागले. मिशी अंबाडीची केली, काळा रंग दिला, टोकं खाली वाकवले जसे उमाटेचे आहे. डोक्यावर खाकी टोपी. गळ्यात शिट्टी, खरीखुरी, माझ्या लहान भावाची, अंकितची. तो रडला, त्याले दोन चॉकलेट दिले. छातीवर पाटी: सातची शाळा.

विक्की म्हणे, "खतरनाक जमला. आता हा शिट्टी मारन पाय."

जिजा आली होती पाहाले. बराच वेळ तोंडाकडं पाहत राह्यली.

"अवं, टाइम यानं ठरवला काय?"

"मंग कोणी?"

"मले काय मालूम? गाडी कोनाची हाये?"

"गाडीचा काय संबंध आहे, जिजा?"

"कवडूले उशीर झाला का अण्णाजी त्याले कसा बोलते, आयकलं नाई काय तू?"

कवडू आमचा ड्रायव्हर आहे. मले त्याच्या उशिराशी काय घेणं? जिजा बोलते एक अन जाते भलतीकडेच. शेवटी म्हणे, "मले नाई येवाचं यात." नको येऊ.

२८ ऑगस्ट, गुरुवार

जाळला!!!

सकाळी उजाडताच निघालो. पुढं विक्की डफ घेऊन, मधात बडग्या, मागं पन्नासेक पोरं. मी ओरडायची, "सातची शाळा!" अन सगळे ओरडायचे, "घेऊन जा रे बडग्या!" "पेंगणारे डोळे!" "घेऊन जा रे बडग्या!" "उमाटेची शिट्टी!" "घेऊन जा रे बडग्या!" बाया दारात येऊन पदर तोंडाले लावून हसत होत्या. ज्याले त्याले दोन मिनिटात ओळखू आलं. "हा तं उमाटे मास्तर!" मले वाटलं माझं अंग हवेत चाललं.

अण्णाजींच्या घरापाशी मात्र अजीबच झालं. ते ओट्यावर चहा पीत होते. आमचा आवाज ऐकून उठले अन कप हातात तसाच धरून उभे. विक्कीचा डफ थांबला. म्हातारे तानबाजी, पोळ्याची पळसाची फांदी शिवेवर टाकाले आमच्या मागं मागं येत होते, ते मोठ्यांदा म्हणाले, "शाळा कोनाची अन बडग्या कोनाचा! पोरीले सांगा न कोनी."

कोणी सांगितलं नाई. अण्णाजी पायऱ्या उतरून जवळ आले. बडग्याच्या तोंडाकडं नीट पाह्यलं. मंग इतके जोरात हसले की चहा सांडला. "अरे वा! उमाटे! हुबेहूब!" घरातून चिवडा आणून सगळ्यायले वाटला. मले विचारलं, "हिरालालची पोरगी न तू? डोकं हाये तुले."

पहिल्यांदा कोणीतरी म्हटलं, डोकं आहे.

शिवेवर पेटवला. मिशी सगळ्यात आधी गेली.

घरी आली तं आई भांडे आपटून राह्यली होती. मंग एकदम म्हणे, "जित्या मानसाले जाळते काय वं? त्याची बाई असन, तिनं आयकलं तं तिले काय वाटन?" मी म्हटलं, मी बेंचवर उभी होती तवा मले काय वाटलं हे कोणी विचारलं? दुपारी जेवून जी झोपली ते दिवे लागल्यावर उठली. जुलैपासून इतकी चांगली झोप लागली नव्हती.

२ सप्टेंबर, मंगळवार

उमाटेनं दोन दिवसांत एकदाही शिट्टी वाजवली नाई. माझ्याकडं पाहत नाई. गेटवर उभा राह्यते अन खाली पाह्यते. मस्त वाटते.

आज अण्णाजींनी मले ऑफिसमध्ये बोलावलं. लिम्का दिली. मी प्रिंटबद्दल सगळं सांगितलं, मेलाटोनिन, अमेरिका, सगळं. ते मान हलवत होते. मंग म्हणाले, "बेटा, एक सांग. उमाटेनं तुले हात लावला काय कधी?"

"नाई."

"नीट आठव. पोरी घाबरते सांगाले, मले मालूम हाये."

मी आठवलं. "पंधरा ऑगस्टले दंड धरून ओढलं होतं."

"जोरात?"

"हो, म्हणजे, मी पडली होती न."

"बस्स." त्यायनं हात वर केला. "शनिवारी पालकायची मीटिंग घेतो. तू फक्त उभी राह्यजो. बाकी मी बोलतो. सकाळच्या शाळेचं बी पाहून टाकू."

बसमध्ये मी विचार करत होती. मारलं तं नव्हतं. पण खरं सांगते, मारलं असतं तं बरं झालं असतं. हातावर दोन छड्या बसल्या असत्या तं संध्याकाळपर्यंत विसरली असती. पाळणा अजून कानात वाजते. मंग कोणतं मोठं? त्याले एका गोष्टीची शिक्षा दुसऱ्या नावानं भेटली, तं काय बिघडलं?

६ सप्टेंबर, शनिवार

मीटिंग झाली. हॉल भरला होता. पप्पा पहिल्या रांगेत. उमाटे सर कोपऱ्यात उभे होते, खुर्ची कोणी दिली नाई.

अण्णाजी बोलले. कडक शिस्तीच्या नावावर पोरायले त्रास, सकाळी सातचा अट्टाहास, झेंडावंदनाच्या पवित्र दिवशी मुलीवर हात उचलला. "मले हे मालूमच नव्हतं," म्हणाले, "मले तं गावच्या पोरायच्या बडग्यातून समजलं." लोक हळहळले.

मी स्टेजवर उभी होती. उमाटे सर पुढं आले. अण्णाजींकडं पाह्यलंच नाई. म्हणाले, "रक्षा, मी मारलं तुले?"

नुसतं इतकंच.

मी वर पंख्याकडं पाह्यलं. पंखा हळूहळू फिरत होता. मले हो म्हणायची गरजच पडली नाई. अण्णाजी म्हणाले, "पाहा, पोरगी कशी भेदरली." पप्पा रागानं उठून उभे राह्यले. पप्पा माझ्यासाठी उठले. डीएपीचं पोतं काढताना हसले होते, तेच पप्पा.

उमाटे सर परत कोपऱ्यात गेले.

९ सप्टेंबर, मंगळवार

काढलं त्याले. जिंकली. खूप खुश आहे. आज लिहायले जास्त काही नाई.

जिजा बसमध्ये दुसऱ्या सीटवर जाऊन बसली. बसू दे.

२३ सप्टेंबर, मंगळवार

कालपासून शाळेची नवीन वेळ. नोटीस बोर्डवर लिहिलं आहे: "विद्यार्थ्यांच्या आरोग्यासाठी ऐतिहासिक निर्णय." सातऐवजी सव्वासात.

सव्वासात!

अन बसमध्ये अजून एका खेड्याचे पोरं घेतले, म्हणून बस निघते आधीच्याच वेळेले. मी पाचलेच उठते. प्रार्थनेच्या वेळी मले गुलाबाचं फूल दिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मागून कोणीतरी हळूच म्हटलं, "जो जो." मयुरीच असन.

नवीन सुपरवायझर अण्णाजींचा भाचा आहे. त्याच्याजवळ शिट्टी नाई, पट्टी आहे, लाकडाची. आज विक्की लेट झाला, तं त्याचे दोन्ही पंजे सुजेपर्यंत मारलं. विक्की बसमध्ये हात काखेत दाबून बसला होता. मले म्हणे, "अजून कोणाचा बडग्या करायचा असन तं सांगजो."

विक्कीसाठी कोणी मीटिंग घेतली नाई.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

मी हार मानणारी नाई. प्रिंटचं मराठी करून टाकलं, सगळं, मोठ्या अक्षरात. अकरा पानं झाले. अण्णाजींकडं घेऊन गेली.

अण्णाजींनी टेबलाच्या खणातून चष्मा काढला अन डोळ्याले लावला.

मले उमाटे सरचं स्टाफरूममधलं बोलणं आठवलं: वाचणाऱ्याले चष्मा लागते.

त्यायनं पहिलं पान वाचलं. "छान लिहिलं, बेटा. उमाटे बी असंच काही घेऊन येत होता. दोनदा आला. दहाची शाळा करा म्हणे." पानं माझ्या हातात परत दिले. "आता तूच सांग, तू हुशार हाये. शाळा सुटली का साडेबाराले तुमची शाळेचीच गाडी आर्वीच्या सवारीवर लागते. शाळा दहाले भरवली तं ती फेरी कोण मारन? तू?"

अन हसले. हुबेहूब तसेच, ओट्यावर हसले होते तसेच. मंग बर्फीचा डब्बा पुढं केला.

मी बर्फी खाल्ली. सगळं समजल्यावर बी मी बर्फी खाल्ली, थँक यू म्हटलं, अन बाहेर आली. हे मले सगळ्यात घाण वाटून राह्यलं.

माझा राग चुकला नव्हता. राग खरा होता. तोंड दुसऱ्याचं लागलं. नाई, लागलं काय? मीच लावलं, तीन दिवस बसून.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आज जिजाच्या सीटवर जाऊन बसली. तिनं दप्तर मांडीवर घेऊन जागा दिली. मंग मीच म्हटलं, "उमाटे सर कुठी राह्यते?"

"काऊन? अजून काही जाळाचं राह्यलं काय?"

मी मान हलवून नाई म्हटलं. उतरता उतरता म्हणे, "शनिवारी दाखवतो."

११ ऑक्टोबर, शनिवार

आज बसमधून उतरून गेटमध्ये गेलीच नाई. जिजानं आष्टीच्या बाजाराच्या मागची गल्ली दाखवली, एक निळं दार दाखवलं, अन शाळेत पळाली. "आता तुयं तू पाय."

सरची बायको अंगणात सडा टाकून राह्यली होती. शेजारीण तिले कमला म्हणून हाक मारत होती. मले पाहून म्हणे, "ट्यूशनसाठी आली काय? ये. झोपले हायेत, उठवू काय?"

दार उघडं होतं. सर सतरंजीवर आडवे, एक हात डोळ्यावर, तोंड उघडं. आमच्या बडग्यापेक्षा किती बारीक होते. मिशी बी तितकी मोठी नव्हती. मी जास्तच केलती.

मले आधी रागच आला. महिनाभर मी मनात पाहत होती की उमाटे कुठीतरी कपाळाले हात लावून बसला असन. कधी बरं वाटायचं, कधी नाई. अन हा तं झोपून राह्यला! मी पाचले उठून आली, अन हा झोपून.

कमलाबाई म्हणाल्या, "गेट उघडाले लागे, तं चारलेच उठत. अकरा वर्ष. आता पाय, उन्हं आले तरी जाग नाई. मी बी उठवत नाई. उठून तरी काय कराचं हाये?"

"दुसरी नोकरी?"

"पुलगावले जाऊन आले. आर्वीले जाऊन आले. पयले हो म्हन्ते, मंग इकडं फोन लावते. पोरीवर हात टाकनारा मास्तर कोन ठेवते?" त्यायनं बादली खाली ठेवली. "ती पोरगी कोन होती, मी तं पायली बी नाई. एकदा पायाची हाये मले."

मी शाळेच्या ड्रेसमध्ये त्यायच्यासमोर उभी होती.

आतून आवाज आला. सर झोपेतच दचकले अन म्हणाले, "गेट, अरे गेट." मंग कूस बदलली अन परत घोराले लागले.

"थांब, उठवतोच," कमलाबाई म्हणाल्या.

"नका उठवू," मी म्हटलं. "झोपू द्या. मी बसते."

पायरीवर बसली. शाळेची बेल इथपर्यंत ऐकू येते. प्रार्थनेची झाली, पहिल्या पिरियडची झाली, दुसऱ्याची झाली. कमलाबाईंनी चहा दिला. मी पेंगली नाई. मले एक सेकंद बी झोप आली नाई.

सर उठून बाहेर आले, डोळे चोळत. मले पाहून थांबले.

"शाळा नाई काय आज तुले?"

"आहे."

"मंग गेट बंद झालं असन."

"सर, तुम्ही मले मारलं नव्हतं."

त्यायनं तांब्या घेतला, चूळ भरली, नालीत टाकली. कमलाबाई झाडू हातात धरून तशाच उभ्या. आता त्यायले समजलं होतं मी कोण ते.

सर म्हणाले, "हे मले काऊन सांगून राह्यली? मले तं मालूम हाये."

मी सॉरी पाठ करून आणलं होतं, इंग्लिशमध्ये बी अन मराठीत बी. एकही निघालं नाई. सरच म्हणाले, "पाळण्याचं मायं चुकलं. मारायचं नाई म्हणून हसवाले गेलो."

"हो, चुकलं तुमचं," मी म्हटलं.

ते मी सोडणार नाई. पण त्यायनं मान हलवली अन मले वाटलं की आता निदान त्याचा हिशेब आमच्या दोघांतच राह्यला.

"जाय," सर म्हणाले. "घरचे वाट पाहत असन."

एसटीनं तळेगावले आली. दुकानात पप्पायले सगळं सांगितलं, पंख्यापासून बर्फीपर्यंत. पप्पा तोंडातल्या तोंडात काही तरी म्हणाले अन गिऱ्हाइकाले चुकीची बॅग दिली. मंग विचारलं, "अण्णाजी आपल्याले सोडन काय?"

मी म्हटलं, "मी त्यायले सोडीन काय?"

संध्याकाळी आईले म्हटलं, "उद्या मले सकाळीच उठव."

"उद्या रईवार हाये बाई. झोप न चांगली."

"म्हणूनच. रईवारी सकाळी अण्णाजीच्या ओट्यावर सगळं गाव चहाले जमते. मले तिथंच सगळ्यायसमोर बोलायचं आहे."